शेवटचा थांबा पूर्ववत करणेबाबत

संदर्भ : १) श्री. देसले, सेवानिवृत्त वरिष्ठ लिपिक, यांचा अर्ज. २) सदर अर्जाचे स्मरणपत्र. ३) सदर स्मरणपत्राचे स्मरणपत्र.

उपरोक्त विषयाच्या अनुषंगाने सादर करण्यात येते की, आम्ही पाच जण एकाच सरकारी कार्यालयातून निवृत्त झालो आणि नाशिकच्या पाच टोकांना जाऊन राहिलो. नोकरीत एकमेकांच्या टेबलावरचा टाचणीचा डबा हात लांब करून घेता यायचा. आता एकमेकांकडे जायचं तर बस बदलावी लागते.

अर्ज एका बसथांब्याबद्दल आहे. थांबा देसलेनानांच्या बायकोसाठी हवा होता. वहिनींना रोज संध्याकाळी घरी जायचं असायचं, आणि त्या थांब्यावर उतरल्याशिवाय त्यांना आपलं घर ओळखू यायचं नाही. पण ते सांगण्याआधी बाकीचं सांगावं लागेल. ऑफिसात जुने कागद ठरावीक मुदतीनंतर नष्ट करायचा नियम होता. किश्श्यांना असा नियम नाही. वरचा उचलला की खालचा हाताला लागतो, आणि खालचा बहुधा जड असतो.

दर बुधवारी एकाच्या भागात जमायचं, ही पद्धत शुक्लसाहेबांनी घातली. ते आमच्यात सर्वांत वरून, म्हणजे अधीक्षक म्हणून निवृत्त झाले आणि ते पद त्यांनी अजून सोडलेलं नाही. ज्याच्याकडे जमायचं त्यानं आपल्या भागातली एक तरी चांगली गोष्ट दाखवायची. बाकीच्यांनी ती पाहायची आणि नापसंत करायची. याला आम्ही ‘स्थळपाहणी’ म्हणतो. नोकरीत सगळ्या स्थळपाहण्या टेबलावर बसून केल्या होत्या, तो अनुशेष निवृत्तीनंतर भरून निघाला.

*

पहिले गायकवाड. राहणार नाशिकरोड. तिकडची माणसं शहरात यायला निघाली की ‘नाशिकला जाऊन येतो’ म्हणतात, म्हणजे स्वतः कुठे राहतात हा प्रश्न उरतोच. गायकवाडांच्या मते नाशिक हे नाशिकरोडचं उपनगर आहे.

स्थळपाहणीला त्यांनी आम्हाला थेट स्टेशनवर नेलं. प्लॅटफॉर्म तिकिटंही त्यांनीच काढली.

“बघा. इथून कलकत्त्याला जाता येतं. बनारसला जाता येतं. तुमच्या नाशकातल्या गंगापूर रोडवरून कुठं जाता येतं? गंगापूरला.”

शेखभाईंनी विचारलं, “तुम्ही कुठं कुठं जाऊन आलात?”

“जायचा प्रश्नच नाही. जाता येतं.”

बायकोला काशी दाखवायची, हे गायकवाडांनी रिटायर झाल्यावर करायच्या कामांत ठेवलं होतं. त्या आधीच गेल्या. त्या दिवशी बनारसची गाडी समोर येऊन उभी राहिली तेव्हा गायकवाड तिच्याकडे पाठ करून चहावाल्याशी कप केवढा लहान झालाय यावरून वाद घालत होते. गाडी सुटेपर्यंत वाद मिटला नाही.

*

शुक्लसाहेब पंचवटीतले. घराणं उपाध्यायांचं. यात्रेकरूंचं सगळं धाकटा भाऊ बघतो. साहेब सरकारी नोकरीत आले, त्यामुळे घरात ते वाया गेलेले समजले जातात.

त्यांनी आम्हाला गल्लीच्या तोंडाशी उभं केलं. “आमच्याकडे रोज नवी माणसं. कोणी कर्नाटकातून, कोणी उत्तरेतून. दोन दिवसांच्या वर कोणी राहत नाही. त्यामुळे आमच्या भागात भांडण असं मुरतच नाही.”

गायकवाड म्हणाले, “आणि साहेब, तुमच्या भावाशी तुमचं बोलणं बंद आहे ते?”

“तो स्थानिक आहे.”

*

शेखभाईंचा जन्म जुन्या नाशकात, चौक मंडईच्या मागच्या गल्लीत. गल्ली इतकी अरुंद की समोरच्यांच्या सालनात मीठ कमी पडलं तर यांच्या खिडकीतून कळवलं जायचं. मुलानं अशोका मार्गावर नवव्या मजल्यावर फ्लॅट घेतला आणि आईवडिलांना तिकडे नेलं. “वर वारा छान लागतो,” असं शेखभाई सांगतात. दवाखान्यातल्या पेशंटनं ‘जेवण चांगलं असतं’ म्हणावं तसं.

बाल्कनीतून त्यांनी आम्हाला सगळं शहर दाखवलं. “ते बघा, ते आमचं जुनं घर.” बोट दाखवलं तिथे पत्रे आणि पाण्याच्या टाक्यांची गर्दी होती. आम्ही सगळ्यांनी ‘हो, हो’ म्हटलं.

दर शुक्रवारी ते जुन्या गल्लीत जातात. नमाज, मग दाढी, मग मटणवाल्याशी भांडण. मी विचारलं, “नव्या बिल्डिंगीत भांडता येत नाही का?”

“येतं ना. पण सगळं व्हॉट्सॲपवर. कोण किती तापलंय तेच कळत नाही, यार.”

*

मी सिडकोतला. सिडकोतली घरं एका साच्यातली. आता प्रत्येकानं आपापल्या ऐपतीप्रमाणे वर मजले चढवल्यामुळे ओळखू येतात, पण सुरुवातीला पंचाईत होती. एकदा ऑफिसातून आलो, चपला काढल्या, पाय धुतले, खुर्चीत बसून पेपर उघडला. एक अनोळखी बाई चहा घेऊन आल्या. कप रिकामा झाल्यावर म्हणाल्या, “भाऊ, तुमची लाईन पुढची.”

हा किस्सा आमच्यात माझ्या उपस्थितीत माझ्यापेक्षा जास्त वेळा सांगितला गेलाय. मी पुस्तकं वाचतो म्हणून मंडळी मला ‘वाचनालय’ म्हणतात, आणि वाचनालय दुसऱ्याच्या घरात उघडलं असं काहीतरी त्याला जोडतात. पहिल्यांदा ऐकला तेव्हा कुसुमवहिनी, म्हणजे देसलेनानांची बायको, तोंडाला पदर लावून हसल्या होत्या. हसणं आवरल्यावर म्हणाल्या, “असं कसं हो भाऊ, माणसाचं घर चुकतं?”

*

आता देसलेनाना. मूळचे सटाण्याकडचे. नोकरीभर अशोकस्तंभाजवळ भाड्याच्या दोन खोल्यांत राहिले. निवृत्तीच्या जरा आधी म्हसरूळच्याही पुढे, चांभार लेण्याच्या डोंगराकडे तोंड करून, अभिनव विहार नावाच्या वसाहतीत त्यांनी रो-हाऊस घेतलं. घर दाखवायला आलेला एजंट म्हणाला होता, “साहेब, पाच वर्षांत शहर इथं येतंय.”

शहर पाथर्डी फाट्याकडे गेलं, आडगावकडे गेलं, मखमलाबादकडे गेलं. अभिनव विहाराकडे तेवढं आलं नाही.

नाना सांगतात, “पाच वर्षं झाली तसा मी एजंटला फोन केला. म्हटलं, काय झालं? म्हणाला, निघालंय.”

नानांच्या स्थळपाहणीला आम्ही सगळे कंबर कसून गेलो होतो. घरासमोर रस्ता, रस्त्यापलीकडे द्राक्षाचा बाग, त्यापलीकडे डोंगर. वसाहतीचा दुसरा टप्पा कमानीवर होता, कमानीमागे गवत होतं. गायकवाडांनी विचारलं, “इथं दाखवण्यासारखं काय?”

नानांनी फाटक उघडलं. फाटकासमोर बसचा थांबा होता, शहर बसचा शेवटचा. बस वळून उभी राहायची. ड्रायव्हर-कंडक्टर खाली उतरून नानांच्या नळावर पाणी प्यायचे, आणि आतून कुसुमवहिनींचा चहा यायचा.

“सगळं नाशिक जिथं संपतं ना,” नाना म्हणाले, “तिथं आमच्या घरचा चहा मिळतो.”

ही एकच स्थळपाहणी आम्हाला धड नापसंत करता आली नाही. गायकवाडांनी साखर जास्त असल्याचा शेरा मारला.

*

वहिनींचं विसरणं आधी किल्ल्यांपासून सुरू झालं, मग माणसांची नावं, मग घर.

संध्याकाळ झाली की त्या पदर सारखा करायच्या, पिशवी घ्यायच्या आणि दारात येऊन उभ्या राहायच्या. “आते घर जाऊत. कितला वखत बसानं दुसरास्ना घर?” आता घरी जाऊ, दुसऱ्यांकडे किती वेळ बसायचं, असं.

नाना म्हणायचे, “अगं, हेच आपलं घर.”

“हाई आपलं घर नही शे.”

माहेरासासरची आपली अहिराणी त्या घरच्या माणसांशीच बोलायच्या. बाहेरच्यांशी शहरातलं बोलायच्या, अगदी स्वच्छ. त्यामुळे त्यांनी तोंड उघडलं की नानांना कळायचं, आज आपण नवरा आहोत की पाहुणीचे यजमान. एकदा मी तिथे असताना त्या नानांना हात जोडून म्हणाल्या, “येते हं भाऊ. तुम्ही खूप केलंत.”

नाना म्हणाले, “या परत.”

काय म्हणणार दुसरं?

उपाय त्यांना योगायोगानं सापडला. एका संध्याकाळी फारच हट्ट झाला तेव्हा त्यांनी वहिनींना समोरच्या बसमध्ये बसवलं. दिंडोरी नाका, पंचवटी कारंजा, आणि त्याच बसनं परत. शेवटच्या थांब्यावर वहिनी उतरल्या, फाटकाची कडी काढली, चपला कोपऱ्यात नीट ठेवल्या आणि म्हणाल्या, “उनं माय घर एकदानं.” घर आलं एकदाचं. आत जाऊन त्यांनी देवापुढे दिवा लावला आणि नानांना विचारलं, “भाकरी टाकू?”

मग रोज तेच. रोज घर सोडायचं, म्हणजे रोज घर मिळायचं. ड्रायव्हर-कंडक्टर त्यांना ‘मावशी’ म्हणायचे आणि त्यांची खिडकीची जागा दुसऱ्या कुणाला देत नसत. शेवटच्या थांब्याला कंडक्टर मुद्दाम मोठ्यानं ओरडायचा, “मावशीचं घर, चला.” बसमध्ये बहुतेक वेळा दुसरं कोणी नसायचंच.

मुलगा बंगळूरला असतो. फोनवर म्हणाला, “बाबा, तुम्ही दोघं इकडे या.”

नाना म्हणाले, “तिला हे घर ओळखू येत नाही. तुझं काय येईल?”

*

मग पाइपलाइनसाठी रस्ता खणला, आणि बस अलीकडच्या नाक्यावरून वळायला लागली. तात्पुरती. हा शब्द आम्ही नोकरीभर वापरला. ऑफिसातलं माझं टेबल तात्पुरत्या जागी होतं, तिथूनच मी निवृत्त झालो. रस्ता बुजवला, डांबरही पडलं. बस नाक्यावरूनच वळत राहिली.

नाक्यावर वहिनी उतरेनात. “हा आमचा स्टॉप नाही,” असं शहरातल्या भाषेत कंडक्टरला सांगायच्या. तो बिचारा म्हणायचा, “मावशी, मला माहितीये. पण पुढं न्यायची ऑर्डर नाही.” कसंबसं उतरवून नाना त्यांना रिक्षानं घरी आणायचे. फाटकाशी रिक्षा थांबली की वहिनी विचारायच्या, “हे कोणाकडे आणलंत?”

रात्रभर मग त्या पाहुण्यासारख्या खुर्चीच्या कडेला बसून राहायच्या. पिशवी मांडीवर.

नाना बुधवारी आमच्यात आले आणि म्हणाले, “काय करू?”

चार सेवानिवृत्त कारकुनांना हा प्रश्न विचारल्यावर जे होणार तेच झालं. आम्ही म्हणालो, “अर्ज करू.”

*

अर्ज करणं म्हणजे काय असतं हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. नाना साधा माणूस, त्यांनी चार ओळी लिहिल्या होत्या : बायको आजारी आहे, बस घरापर्यंत आली तर तिला घर ओळखता येतं, कृपा करावी.

शुक्लसाहेबांनी तो कागद दोन बोटांत धरला. “असा पाठवायचा? आपली काही परंपरा आहे की नाही?”

परंपरा अशी की मसुदा सेवाज्येष्ठतेनुसार खालून वर जातो. म्हणून अर्ज आधी माझ्याकडे सिडकोत आला. मी ‘संदर्भ’ घातला, कारण संदर्भाशिवाय पत्र हे मला टोपीशिवाय पोलीस वाटतं. मग तो अशोका मार्गावर शेखभाईंकडे गेला. त्यांनी सोबतच्या कागदपत्रांची मागणी करून तो परत पाठवला. नंतर नाशिकरोडला. गायकवाडांनी परिच्छेदांना क्रमांक दिले आणि ‘कृपा’ हा शब्द काढून ‘उचित कार्यवाही’ केली. नंतर पंचवटीला. साहेबांनी ‘चर्चा करावी’ असा शेरा मारून तो माझ्याकडे धाडला, आणि फेरी पुन्हा सुरू झाली.

हे सगळं आम्ही अतिशय मन लावून केलं. इतकं मन लावून तर पगार मिळत होता तेव्हाही केलं नव्हतं. एका बुधवारी शेखभाई बसमधून उतरता उतरता थबकले आणि म्हणाले, “अरे, तो कागद अख्खं नाशिक फिरला. बसच्या ऑफिसात गेलाच नाही.”

पावसाळा तेवढ्यात येऊन संपला होता. नाना मध्ये एकदाही काही म्हणाले नव्हते. फक्त त्या काळात बुधवारी ते जरा उशिरा यायचे आणि लवकर उठायचे, कारण शेजारच्या बाई वहिनींजवळ तेवढाच वेळ बसायच्या.

त्याच दिवशी अर्ज दिला. शेवटी दिला तो नानांचा मूळ चार ओळींचा, कारण दुरुस्त केलेला साहेबांच्या चष्म्याच्या घरात राहिला होता.

*

उत्तर आलं. आमच्या काळापेक्षा लवकर आलं, हे मान्य केलं पाहिजे. एक तरुण अधिकारी येऊन प्रत्यक्ष पाहणी करून गेला होता. निष्कर्ष असा : ‘सदर थांब्यावर पाहणीच्या वेळी एकही प्रवासी बसची वाट पाहताना आढळून आला नाही.’

शुक्लसाहेबांनी पत्र दोनदा वाचलं. “बस येत नाही त्या थांब्यावर कोण वाट पाहील?”

गायकवाड म्हणाले, “साहेब, पण पत्र नियमाप्रमाणे बरोबर आहे.”

“बरोबर आहे म्हणूनच राग येतोय.” साहेबांनी पत्राची घडी घातली. “ठीक आहे. वाट पाहू.”

आणि त्या बुधवारपासून आमच्या सगळ्या स्थळपाहण्या अभिनव विहाराच्या थांब्यावर व्हायला लागल्या. अधिकारी पुन्हा केव्हाही येईल, तेव्हा प्रवासी आढळले पाहिजेत. दरम्यान एक स्मरणपत्र गेलं, मग त्या स्मरणपत्राचं स्मरणपत्र. बस नाक्यावर सोडायची, तिथून आम्ही चालत यायचो. जिथे बस येत नाही तिथे बसची वाट बघायला, बसनं. शेखभाई घरून बिस्किटं आणायचे. थांब्याच्या बाकावर तिघं मावतात, दोघं उभे. साहेब कायम बसलेले.

पहिल्याच बुधवारी नानांनी वहिनींना बाहेर आणून बाकावर बसवलं. आम्ही शेखभाईंना उठवून जागा केली. वहिनींनी पिशवी मांडीवर घेतली, आमच्याकडे बघून ओळखीचं नसलेलं पण छान हसल्या आणि गायकवाडांना विचारलं, “तुम्हाला कुठं जायचंय?”

“नाशिकरोड.”

“बाई गं, लांब आहे.” मग शुक्लसाहेबांकडे वळून, “आणि तुम्हाला?”

असं सगळ्यांना विचारून झालं. मग त्यांनी नानांना विचारलं, “तुम्हाला हो?”

नाना म्हणाले, “इथंच. जवळच.”

“बरं आहे तुमचं,” वहिनी म्हणाल्या.

*

बाकावर बसलं की वहिनी शांत व्हायच्या. बस येत नव्हती, पण बसची वाट बघणं हेही घरी जाण्यातच धरलं जात असावं. कधी कधी अंधार पडायला लागला की त्या आपणहून उठायच्या आणि फाटकातून आत जायच्या. कधी नाही. बुधवारचं आम्हाला दिसायचं. बाकीचे दिवस नाना एकटेच बाकावर त्यांच्याबरोबर बसायचे, आणि ते बुधवारी आम्ही विचारायचो नाही.

एकदा आमच्यात नेहमीचा वाद पेटला. राहायला चांगला भाग कोणता? गायकवाडांनी स्टेशन काढलं, साहेबांनी गोदावरी काढली, शेखभाईंनी जुनी गल्ली काढली, मी सिडकोतली भाजी काढली. आवाज वाढले. वहिनी ऐकत होत्या.

“आमचा भाग चांगला आहे,” त्या एकदम म्हणाल्या.

गायकवाडांनी स्टेशनच्या दिशेनं उचललेला हात खाली घेतला.

“समोर मोकळं आहे. डोंगर दिसतो. बस तर अगदी दारात येते. ते बसवाले पण चांगले आहेत, चहाला नाही म्हणत नाहीत.” मग जरा थांबून, “आमचे हे कुठं गेलेत, ते आले की निघते. तुम्ही या ना कधी सगळे.”

नाना बाकाच्या टोकाला बसले होते. त्यांनी चष्मा काढून रुमालानं पुसला आणि परत घातला.

गायकवाडांनी आयुष्यात नाशिकरोडच्या बाबतीत माघार घेतली नव्हती. ते म्हणाले, “वहिनी, तुमचाच भाग चांगला. येऊ आम्ही.”

*

वहिनी थंडीत गेल्या. न्यूमोनिया झाला, दवाखान्यात नेलं, तिथून आल्या नाहीत. दवाखान्यात शेवटपर्यंत त्या नर्सशी, डॉक्टरशी, सगळ्यांशी शहरातलं बोलत होत्या. नानांशीसुद्धा. आदल्या दिवशी संध्याकाळी मात्र नानांचा हात धरून म्हणाल्या, “चाल ना घर.” नानांनी मला सांगितलं ते एवढंच.

अस्थींचे विधी शुक्लसाहेबांच्या भावानं केले. रामकुंडावर दोघे भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत, पण लागेल ती वस्तू साहेबच पुढे करत होते आणि भाऊ न बघता घेत होता. शेखभाई पायरीवर डोकं झाकून उभे होते. मुलगा बंगळूरहून आला होता. त्यानं बाबांना चला म्हणून फार आग्रह केला. नाना म्हणाले, “बघू.” आमच्या भाषेत ‘बघू’ म्हणजे प्रकरण बंद.

बुधवार चालू राहिले. थांब्यावरच. का, ते कोणी विचारलं नाही.

मग एकदा शेखभाई सांगायला लागले. जुन्या गल्लीत काम होतं म्हणून संध्याकाळी पंचवटी कारंजाला बस बदलत होते, तर समोरच्या बसमध्ये नाना. खिडकीशी. ती बस तिथूनच उलटी फिरून परत नाक्याला जाणार होती. शेखभाई खिडकीखाली जाऊन म्हणाले, “नाना, इकडं कुठं?”

“कुठं नाही. परत चाललोय.”

“एकटेच?”

नाना म्हणाले, “पुढं हो, तुझी बस सुटेल.”

कंडक्टर तोच जुना होता. त्यानं शेखभाईंना हळूच सांगितलं की काका रोज असतात, जाऊन येऊन. नाक्यावर उतरतात आणि पुढे चालत जातात.

*

गेल्या महिन्यात बसच्या ऑफिसातून पत्र आलं. नाना ते घेऊनच थांब्यावर आले. साहेबांनी मोठ्यानं वाचलं : ‘आपल्या स्मरणपत्रांच्या अनुषंगाने कळविण्यात येते की, मूळ अर्जात नमूद केलेले मागणीचे कारण अद्याप कायम आहे किंवा कसे, याबाबत खुलासा सादर करावा. जेणेकरून पुढील कार्यवाही करणे सोयीचे होईल.’

शेखभाईंनी बिस्किटाचा पुडा उघडला आणि तसाच ठेवला.

शेवटी साहेब म्हणाले, “नाना, उत्तर दिलं नाही तरी चालेल. आपोआप दप्तरी दाखल होईल. तुला काही करावं लागणार नाही.”

नानांनी हात पुढे केला. “पेन द्या.”

पेन माझ्याकडे होतं. नानांनी ते पत्रच उलटं केलं, गुडघ्यावर धरलं आणि मागे लिहायला लागले. मसुदा नाही, संदर्भ नाही. गायकवाड वाकून बघत होते. अर्जातल्या कारणांबाबत सगळ्यात काटेकोर तेच असतात.

“नाना,” ते म्हणाले, “खोटं लिहू नको हं. सही तुझी आहे.”

“नाही लिहीत.”

लिहिलं ते असं : ‘कारण कायम आहे.’ खाली सही, नाव, अभिनव विहार, शेवटचा थांबा.

गायकवाडांनी ते वाचलं. बराच वेळ वाचलं.

“पुरावा मागतील,” ते म्हणाले.

“मागू देत,” नाना म्हणाले.

खुलासा दुसऱ्या दिवशी समक्ष देण्यात आला. पोच मिळाली आहे. अर्ज प्रलंबित आहे.